मिशन, रिव्हर्स आणि दहावी

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात गेलेल्या आपल्या सीआरपीएफच्या बायकांचे फोटो शोधायला बसलं की दोन-तीन तऱ्हांचेच हाती लागतात. निळा ठिपक्यांचा गणवेश, निळी टोपी, हातात रायफल, आणि सगळ्या एका रांगेत ताठ उभ्या. नाहीतर मग त्याच बायका शाळकरी पोरांच्या घोळक्यात हसताना, किंवा तिथल्या मुलींना आपला नाच शिकवताना. रात्री दीड-दोनला तिथल्या राजधानीत, मोनरोव्हियाच्या बिनदिव्याच्या गल्लीत गस्त घालतानाचा फोटो क्वचितच दिसतो. अंधारात फोटो येत नाही, मान्य. पण दिवसाउजेडीही त्या बहुतेक वेळ पहाराच देत होत्या, आणि पहाऱ्याचा फोटो कंटाळवाणा असतो. नाचाचा छान येतो.

मला त्या नाचाचा राग नाही. पण त्या फोटोंखाली आपण ज्या कौतुकाच्या ओळी लिहितो त्या वाचून मी हल्ली जरा चिडते. ‘वर्दीतली माया’, ‘रणरागिणी आणि आईही’ वगैरे. बाई मिशनवर गेली तर तिने बंदूकही सांभाळायची आणि मायाही वाटायची. पुरुष शांतिसैनिकाने आठ तासांचा पहारा दिला की त्याचं काम झालं.

जानेवारी २००७ मध्ये ही तुकडी मोनरोव्हियात उतरली. फक्त बायकांचं ‘फॉर्म्ड पोलीस युनिट’ संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात त्याआधी कधी उभं राहिलं नव्हतं. शंभरावर बायका, आणि रसद-वाहनांच्या कामाला काही पुरुष. पहिल्या तुकडीच्या प्रमुख सीमा धुंडिया. यातल्या बायका आल्या सीआरपीएफच्या महिला बटालियनच्या परंपरेतून, म्हणजे १९८६ साली उभ्या राहिलेल्या ८८ व्या बटालियनच्या. त्या काही परदेशवारीसाठी घाईघाईने गोळा केलेल्या नव्हत्या. दंगल, निवडणूक, अशांत भागातलं पोस्टिंग हे त्यांचं रोजचं. फॉर्म्ड पोलीस युनिट म्हणजे साधारण आपल्याकडची राखीव पोलिसांची कंपनी. जमाव आवरायचा, महत्त्वाच्या इमारती राखायच्या, आणि स्थानिक पोलीस छाप्याला किंवा गस्तीला निघाले की हत्यारासकट त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. यूएनचे बाकीचे पोलीस बहुतेक सल्ला देणारे, शिकवणारे, बिनहत्यारी असतात.

तिथे राखायचं काय होतं, तर देशाच्या राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय. लायबेरियातल्या १९८९ ते २००३ या काळातल्या यादवीत सुमारे अडीच लाख माणसं मेली असं मानतात. जानेवारी २००६ मध्ये एलन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या. आफ्रिकेत लोकांनी निवडून दिलेल्या त्या पहिल्या महिला राष्ट्रप्रमुख. त्याच वर्षी २६ जुलैला, ऐन स्वातंत्र्यदिनी, त्यांच्या सरकारी वाड्याला आग लागली आणि सगळा कारभार परराष्ट्र खात्याच्या इमारतीत हलवावा लागला. त्या इमारतीच्या फाटकावर पुढे आपल्या बायका उभ्या राहिल्या. आत बाई, बाहेर बाया. हे चित्र लायबेरियन मुलींनी येता-जाता वर्षानुवर्षं पाहिलं.

त्यात मोनरोव्हियाचा पाऊस. वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या पुढे. रत्नागिरी बरी म्हणायची वेळ येते. आपले महाबळेश्वर-आंबोलीवाले तेवढे मान हलवतील. भिजलेले बूट वाळत नाहीत, कपड्यांवर बुरशी चढते, आणि हत्याराला रोज तेल लावावं लागतं. २०१४ मध्ये इबोलाची साथ आली. दर वर्षी चेहरे बदलत, तुकडी मात्र तीच, अशी ती फेब्रुवारी २०१६ पर्यंत तिथे राहिली.

या गोष्टीचा जो शेवट आपल्याकडे सांगतात तो मला अर्धाच वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यांनुसार लायबेरियाच्या सुरक्षा दलांमध्ये बायकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं, आणि त्याचं बरंचसं श्रेय आपल्या तुकडीला दिलं गेलं. आपण लगेच छाती फुगवतो. आपल्या बायकांना पाहून मुलींना हुरूप आला असणार, यात शंका नाही. सरलीफबाईंनीही निरोप देताना आभार मानले. पण लायबेरियातल्या बायका आपली वाट बघत बसल्या नव्हत्या. २००३ मध्ये तिथल्या ख्रिस्ती आणि मुसलमान बायका पांढरे कपडे घालून मोनरोव्हियाच्या मासळीबाजाराच्या मैदानावर उन्हापावसात रोज ठाण मांडून बसत होत्या, युद्ध थांबवा म्हणून. पुढे घानात, अक्रा इथे वाटाघाटी सुरू असताना त्यांनी सभागृहाची दारं अडवली. पुरुष सही केल्याशिवाय बाहेर पडणार नाहीत, असा हट्ट धरला. पोलीस हटवायला आले तेव्हा त्यांच्या पुढारी लेमा बोवी यांनी सगळ्यांसमोर कपडे उतरवण्याची धमकी दिली. आईच्या वयाच्या बाईने असं करणं म्हणजे बघणाऱ्यावर शाप, अशी तिकडची समजूत. पोलीस मागे सरले. बोवी आणि सरलीफ दोघींना २०११ चं शांततेचं नोबेल मिळालं, येमेनच्या तवक्कुल करमान यांच्याबरोबर.

आणि हुरूप आला तरी भरतीला दहावी-बारावीचा कागद लागतो. यादवीत शाळाच बंद पडलेल्या मुलींकडे तो कुठून येणार? म्हणून पोलिसांत यायची तयारी असलेल्या मुलींसाठी तिथे शिक्षण पुरं करून देणारे खास वर्ग काढले गेले. घाईघाईने शिकवलं, दर्जा राहिला नाही, अशी टीकाही त्यावर झाली. तरी मला वाटतं, फाटकावरच्या बाईला पाहून जी मुलगी घरी गेली, तिच्या आणि वर्दीच्या मध्ये हा वर्ग होता. पाठिंबा म्हणायचा तर मी त्याला म्हणेन.

असला रुक्ष पाठिंबा आमच्या घरातही लागला होता.

माझी मावसबहीण पोलिसांत अधिकारी आहे. वयाने मोठी, म्हणून ताई. यूएन मिशनसाठी नावं मागवल्याचं परिपत्रक आलं आणि ताईने अर्ज टाकला. या परीक्षेत इंग्रजी बघतात, हत्यार बघतात आणि गाडी चालवायला लावतात. इंग्रजीची तिला धास्ती होती. ते निघालं. गोळीबार तर ती खात्यातल्या स्पर्धांमध्ये करायचीच. नापास झाली ती गाडीत.

“अगं, मी गाडी चालवते कुठे?” ती फोनवर म्हणाली. “सरकारी गाडीला ड्रायव्हर. घरच्या गाडीला तुझे भाऊजी. मी आपली स्कूटीवर.”

कागदोपत्री तिच्याकडे चारचाकीचा परवाना होता. पण मोठी, गिअरची, जीपसारखी गाडी दोन खांबांच्या मधून रिव्हर्स घ्यायची, तीही खांबाला न लागता, ही वेगळीच विद्या. तिच्याबरोबरचे पुरुष अधिकारी काही थोर चालक नव्हते. पण ते विशीपासून कुणाच्या ना कुणाच्या जीपमध्ये घुसत आले होते. गावच्या जत्रेत, मित्राच्या लग्नाच्या वरातीत, काकाच्या शेतावर. ताईला कुणी किल्लीच दिली नव्हती. मिशनवर गाडी चालवता येणं ही हौसेची गोष्ट नसते. पांढऱ्या गाडीच्या दारावर काळी यूएन अक्षरं असतात, आणि ती गाडी तुम्हीच हाकायची. दक्षिण सुदानची बरीचशी जमीन आपल्या मराठवाड्यासारखी काळी, एक सर आली की चाक गिळणारी. तिथे ‘ड्रायव्हर कुठाय’ असं विचारून चालत नाही.

मग रविवारी सकाळी एक जुनी जीप भाड्याने यायची. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर माझा भाचा प्लास्टिकची पिंपं मांडायचा. ताई मागे बघत, दात-ओठ खात गाडी मागे घ्यायची, आणि भाचा ओरडायचा, “आई, गेलं पिंप!” पिंपं बिचारी पुढेपुढे चेपून इतकी बुटकी झाली की आरशात दिसेनात. पुढच्या परीक्षेत ती गाडीतही पास झाली. तिला ना कुणी रणरागिणी म्हणायला हवं होतं, ना तिचा सत्कार करायला. एक जीप, मोकळं मैदान आणि सुट्टीचे काही रविवार हवे होते.

आता जगाच्या पातळीवर काय चाललंय ते थोडक्यात सांगते, कारण ते ताईच्या पिंपांपासून फार लांब नाही. १९९३ मध्ये शांतिसेनेतल्या वर्दीधारी माणसांत बायका १ टक्का होत्या. ३१ ऑक्टोबर २००० ला सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव केला. युद्ध थांबवण्यात आणि शांतता टिकवण्यात बायकांना जागा द्या, असं पहिल्यांदा तिथे लिहून ठेवलं गेलं. २०२० पर्यंत लष्करी तुकड्यांतलं प्रमाण जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास पोचलं, फॉर्म्ड पोलीस युनिटांत ११ च्या आसपास. २०२८ पर्यंत तुकड्यांमध्ये १५ टक्के, आणि लष्करी निरीक्षक व मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांमध्ये २५ टक्के बायका, असं लक्ष्य ठरवलंय. ऑगस्ट २०२० मध्ये इंडोनेशियाच्या पुढाकाराने २५३८ क्रमांकाचा ठराव आला, तो खास शांतिसेनेतल्या बायकांवर. हे सगळं ठीक. पण ठराव वाचून जीप मागे घेता येत नाही. म्हणून मला कॅनडाने २०१७ मध्ये सुरू केलेला ‘एल्सी’ उपक्रम जास्त कामाचा वाटतो. एल्सी मॅकगिल या विमान अभियंता बाईंचं नाव त्याला दिलंय. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कारखान्यात त्यांनी काम केलं होतं. बायका मिशनपर्यंत का पोचत नाहीत याची कारणं प्रत्येक देशाच्या सैन्यात आणि पोलिसांत जाऊन शोधायची, आणि ती दूर करायला पैसा द्यायचा, अशी ती रचना. कारणं निघतात ती अगदी घरगुती. परिपत्रक बायकांपर्यंत पोचतच नाही. गाडी येत नाही. मूल लहान आहे. छावणीत सोय नाही. आणि साहेबांना वाटतं, तिला कशाला त्रास.

छावणीतली सोय म्हणजे काय हे आपल्याला परदेशात जाऊन बघायला नको. गणेश विसर्जनाच्या रात्री चौकात उभ्या असलेल्या महिला पोलिसाला विचारा, संध्याकाळपासून पाणी किती प्यायलात. बहुतेक जणी सांगतील, प्यायलोच नाही. पाणी प्यायलं की जायचं कुठे, हा प्रश्न. महाराष्ट्र पोलिसांत भरतीला बायकांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवून बराच काळ झाला. २०२२ च्या सुरुवातीला त्यांची ड्यूटी बारावरून आठ तासांवर आणण्याचा आदेशही निघाला. सणासुदीचा बंदोबस्त त्यातून वगळलेला. शहरांत आता फिरती स्वच्छतागृहं दिसतात, ती चांगली गोष्ट. हाच प्रश्न दक्षिण सुदानमधल्या मालाकल किंवा कांगोमधल्या गोमाच्या बाहेरच्या छावणीत नेऊन ठेवा. संडास छावणीच्या त्या टोकाला, वाटेत दिवा नाही, दाराला आतून कडी नाही. पुरुषाच्या छातीच्या मापाचं बुलेटप्रूफ जाकीट घालून दहा तासांची गस्त. पाळीच्या दिवसांत गाडी थांबवायला सांगायचं कुणाला, कारण गाडीत ती एकटीच बाई. मग ती पाणी पीत नाही, आणि आफ्रिकेच्या उन्हात पाणी न पिणं म्हणजे दवाखान्याची वाट धरणं.

या गोष्टींवर बोललं की कुणीतरी म्हणतंच, सैन्यात गेल्यावर एवढं चालायचंच. असं म्हणणाऱ्यांनी पुरुषांच्या छावणीचा नकाशा बघावा. त्यांचे संडास, त्यांची जाकिटं, त्यांच्या दाढीचं सामान, त्यांची क्रिकेटची खेळपट्टी, सगळं आधीपासून मोजून आखलेलं असतं. मोजणीत आपलं नाव नसलं की ती गैरसोय सोसण्याला शौर्य म्हणतात.

दुसरा एक युक्तिवाद मला याहून जास्त खटकतो, कारण तो चांगल्या हेतूने केला जातो. बोस्नियापासून कांगो, हैती आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकापर्यंत शांतिसैनिकांनीच स्थानिक बायका-मुलींचं शोषण केल्याची प्रकरणं उघडी पडली. त्यावर उपाय म्हणून अनेक वर्षं सांगितलं गेलं, बायका पाठवा, वातावरण सुधारेल. म्हणजे दोष सहकाऱ्यांचा, आणि सुधारायची जबाबदारी तुकडीतल्या तीन बायकांची. ज्याने गुन्हा केला त्याच्यावर खटला चालवा, त्याच्या वरिष्ठाला जाब विचारा. शांतिसैनिकावर खटला चालवायचा अधिकार त्याच्या मायदेशाला असतो, आणि मायदेश बरेचदा तोंड फिरवतो. खरं भोक तिथे आहे. बायकांना बुजगावण्यासारखं उभं करून ते बुजणार नाही.

हे म्हटलं तरी एक कबूल करायला हवं. काही दारं बाईलाच उघडतात. दक्षिण सुदानच्या मोहिमेत मेजर सुमन गवानी लष्करी निरीक्षक होत्या. युद्धातल्या लैंगिक अत्याचारांविषयी काय बघायचं, काय नोंदवायचं, हे त्यांनी २३० हून अधिक निरीक्षकांना शिकवलं, आणि मोहिमेच्या प्रत्येक ठाण्यावर महिला निरीक्षक असेल हे बघितलं. २०१९ चा यूएनचा ‘मिलिटरी जेंडर अ‍ॅडव्होकेट’ पुरस्कार त्यांना ब्राझीलच्या एका महिला अधिकाऱ्याबरोबर मिळाला. २०२३ चा मिळाला मेजर राधिका सेन यांना. मूळच्या हिमाचलच्या. मुंबईत आयआयटीमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत असताना त्यांनी सैन्यात जायचं ठरवलं. पवईतून निघून त्या पोचल्या कांगोच्या उत्तर किवूत. तिथे मार्च २०२३ ते एप्रिल २०२४ त्यांनी ज्या पथकाचं नेतृत्व केलं त्याचं कामच होतं गावांत जाऊन माणसांशी बोलणं. काशलीरा गावातल्या बायकांना त्यांनी एकत्र बसून आपले प्रश्न मांडायला लावलं. बंडखोर कुठून येतात, पाण्याला कोणत्या वाटेने जायला भीती वाटते, हे गावातली बाई अनोळखी पुरुषाला सांगत नाही. राधिका सेन यांच्या पथकात पुरुषही होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बायकांशी बोलायचं काम फक्त बायकांच्या गळ्यात मारलेलं नव्हतं.

आपल्या बायकांचा या कामाशी संबंध काही लायबेरियापासून सुरू होत नाही. १९६० मध्ये भारतीय लष्कराच्या वैद्यकीय सेवेतल्या बायका कांगोला निघाल्या होत्या, आणि जाण्याआधी यूएन रेडिओने त्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. पुढे किरण बेदी २००३ मध्ये यूएनच्या पोलीस सल्लागार झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या बाई. २०२३ च्या जानेवारीत सुदान आणि दक्षिण सुदान या दोघांच्या भांडणात अडकलेल्या अबेईला आपल्या सैन्यातल्या बायकांची पलटण गेली. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्याच्या आदल्या दिवशी, २९ मेला, शांतिसैनिकांचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो. कुणी मुद्दाम जुळवलं नसणार. या सतरा जणींपैकी कुणी दहा-बारा वर्षांनी मेजर होऊन मिशनवर निघाली, तर तिला जीप मागे घेता येत असेल याची मला खात्री आहे. तिच्या घरी तेव्हा काय बोलणी होतील, याची नाही.

कारण ताईच्या घरी झालेली बोलणी मी ऐकली आहेत. पिंपांशी झगडून ती पास झाली आणि बऱ्याच महिन्यांनी नाव लागलं, दक्षिण सुदानसाठी, एका वर्षासाठी. तेव्हा भाचा दहावीला होता.

भाऊजी म्हणाले, जा. मनापासून म्हणाले. पण घरात रोज कुणीतरी येऊन बसायचं. मावशी, चुलतसासूबाई, शेजारच्या काकू. “दहावीचं वर्ष आहे गं, आई नको का घरात?” भाचा स्वतः म्हणत होता की मला काही फरक पडत नाही, उलट अभ्यास बरा होईल. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ताईने नकार कळवला. तिच्याच यादीतला एक अधिकारी गेला. त्याची मुलगीही दहावीला होती. त्याच्या घरी चर्चा झाली ती तिथून येताना काय आणायचं याची.

ताईने यावर नंतर कधी कुरकुर केली नाही, आणि ती सुखी आहे की नाही असला प्रश्न मी तिला विचारलेला नाही. तिने जे केलं ते असं: आपल्या हाताखालच्या मुलींना गाडी शिकायला लावलं. नवीन परिपत्रक आलं की ते फलकावर लावून न थांबता ती एकेकीला बोलावून वाचून दाखवते. अर्जाची शेवटची तारीख वहीच्या पानावर लिहून देते. मिशनवरून परत आलेल्या एकीला तिने घरी जेवायला बोलावलं आणि न्यायच्या सामानाची यादी करून घेतली. पॅड वर्षभर पुरतील एवढे. गमबूट आपल्या मापाचे इथूनच. बॅटरीचा डोक्याला बांधायचा दिवा. दाराला आतून लावायची साखळी आणि कुलूप. बुरशीचं मलम. मेतकूट आणि गोडा मसाला. सरकारी यादीतल्या वस्तू निराळ्या.

परवा तिच्या ठाण्यातली एक पोरसवदा उपनिरीक्षक पेढे घेऊन आली. गाडीत पहिल्या फटक्यात पास. मी तिथेच होते. ताईने पेढा तोंडात टाकला, यादी काढून तिच्या हातात दिली आणि हळूच विचारलं, “मुलगी केवढी आहे गं तुझी?”

“दुसरीत आहे, मॅडम,” ती म्हणाली. “म्हणून तर घाई करतेय. दहावीच्या आत दोनदा जाऊन येते.”